डब्यात नसलेला बैल

रायपूरच्या आमच्या घरी जुन्या जाहिरातचित्रांचा एक पत्र्याचा डबा आहे. कापडाच्या ताग्यांवरची मँचेस्टरची लेबले, आगपेट्यांची चित्रे, दुकानदारांनी दिवाळीला वाटलेली कार्डे. त्यांत लक्ष्मी आहे, बाळकृष्ण आहे, शंकराच्या पायाशी बसलेला नंदीही आहे. पोळ्याचा बैल मात्र एकाही चित्रात नाही.

संग्राहक अशा चित्रांचे रंग वाखाणतात. मला त्यांतली निवड महत्त्वाची वाटते. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. एवढा खर्च हजारो प्रती खपल्या तरच भरून निघे. म्हणून लाहोरपासून मद्रासपर्यंत ओळखू येईल असाच देव जाहिरातदाराला हवा होता. पोळा तसा कुठे आहे? आमच्या पंचांगात तो श्रावणी अमावास्येला येतो. छत्तीसगडी शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्याच दिवशी त्यांची भादोची अमावास्या असते आणि सण ‘पोरा’ होतो. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात. इथे मातीचा चाकांचा बैल आणि चिमुकले जाते घरी येते, ठेठरी-खुरमी होते. दोन नावांचा, दोन महिन्यांचा सण एका दगडावर कसा कोरणार?

चित्रात न येणे हा अपमानच, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. युरोपातल्या लीबिग कंपनीची कार्डे पाहिल्यावर ते मत डळमळले. तिने देशोदेशीचे लोकसण, जत्रा, पेहराव सुबक रंगांत, बहुधा सहा-सहांच्या संचांत छापले. लोकांनी ते जपून ठेवले. कंपनीचा माल होता गोमांसाचा अर्क. तिथे कुणाचाही सण गिऱ्हाईकाची करमणूक होऊन बसतो. सण करणाऱ्याला त्या कार्डात काही विचारलेले नसते. पोळ्याचे कार्ड तिथे निघाले असते, तर बैलाची पूजा एका बाजूला आणि त्याच जातकुळीच्या जनावराचा अर्क दुसऱ्या बाजूला छापला गेला असता.

तरीही आमच्या डब्यातली उणीव मी माफ करत नाही. ही चित्रे ‘भारतीय सणांचा ठेवा’ म्हणून मांडली जातात, तेव्हा बाजाराने गाळलेले सण इतिहासातूनही गळतात. डब्यावर खरे नाव लिहायचे तर ‘खपणारे सण’ असे लिहावे लागेल. मातीचा बैल वर्षभरात फुटतो, म्हणून त्याचा संग्रह होत नाही. दरवर्षी नवा घ्यावा लागतो.