टूलच्या वर्णनाचं लेखन

माणसाच्या वतीने कामं करणाऱ्या एआय एजंटला टूलचा, म्हणजे त्यासाठी हाताशी दिलेल्या प्रोग्रामचा, कोड दिसत नाही, ते बनवणाऱ्यांची आपसातली बोलणीही ठाऊक नसतात. त्याच्यासमोर येतं टूलचं नाव, कोणती माहिती कोणत्या रूपात भरायची याचा साचा आणि वर्णनाच्या चार ओळी. हे टूल आत्ता वापरायचं का आणि त्यात काय भरायचं, हे त्याला तेवढ्यावरून ठरवावं लागतं. म्हणून या ओळींना मी लेखनाच्याच कसोट्या लावतो. त्या लावल्या की आजचं बरंचसं काम कच्चं ठरतं.

हा लेखनप्रकार अगदी अलीकडचा. मार्च २०२३मध्ये चॅटजीपीटीचे प्लगइन आले, तेव्हा प्रत्येकासाठी दोन वर्णनं द्यावी लागत, एक माणसांसाठी आणि एक मॉडेलसाठी. जूनमध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने स्वतः फंक्शन निवडून त्यात माहिती भरण्याची सोय, आणली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला आणि एकाने लिहिलेलं टूल भलत्याच कुणाच्या एजंटला जोडता येऊ लागलं. लिहिणारा आणि वापरणारा यांची गाठ पडण्याचा संबंधच उरला नाही. वर्णनाचा दर्जा मात्र त्या मानाने वाढला नाही. प्रोग्रामर फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवतो, ती शेजारच्या सहकाऱ्यासाठी असते. अनेक प्रोग्रामिंग लायब्रऱ्या तीच ओळ आपोआप उचलून एजंटपुढे ठेवतात.

समजा, सातबारा शोधून देणारं एक टूल आहे आणि त्याचं वर्णन आहे, ‘गाव आणि गट क्रमांकावरून सातबारा मिळवते.’ यात चूक काहीच नाही, पण शेतकरी बोलताना नुसतं ‘वडगाव’ म्हणतो. बुद्रुक की खुर्द, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. त्याच्या हातातल्या जुन्या कागदावर सर्व्हे नंबर असतो आणि जमिनींच्या एकत्रीकरणानंतर पडलेला गट क्रमांक वेगळाच असतो. एजंट मिळेल तो आकडा भरेल, दुसऱ्याच कुणाचा उतारा निघेल आणि तो ठामपणे वाचून दाखवला जाईल.

मी ते वर्णन असं लिहीन: ‘जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक यांवरून एका गटाचा चालू सातबारा देते. एकाच नावाची अनेक गावं निघाली तर अंदाज न करता वापरकर्त्याला विचारा. जुना सर्व्हे नंबर इथे चालत नाही. मालकाच्या नावावरून शोध होत नाही. उतारा सापडला नाही तर रिकामी यादी येते. तेवढ्यावरून अशी जमीनच नाही, असं सांगू नका.’ यातली पहिली ओळ कुणीही लिहील. पुढच्या ओळी लिहायला तलाठ्याच्या दप्तराशी संबंध आलेला माणूस लागतो, आणि नेमका तोच या कामात कुठे दिसत नाही.

टूलला काय जमत नाही हे सांगण्याची परंपरा संगणकाच्या जगात जुनी आहे. नोव्हेंबर १९७१मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली पुस्तिका काढली. तिच्यात आज्ञांच्या माहितीखाली त्यांतले दोष नोंदवायला वेगळा मथळाच होता. आजच्या वर्णनांत त्याऐवजी आरडाओरडा वाढला आहे. ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘नेहमी हेच वापरा’ असं प्रत्येक टूल सांगू लागलं की एजंटला निवडीसाठी काहीच आधार उरत नाही. लांबीबद्दल माझी तक्रार नाही. अँथ्रॉपिकचं मार्गदर्शनही निदान तीन-चार वाक्यं लिहायला सांगतं. ती वाक्यं शेजारच्या टूलपासूनचा फरक सांगण्यात खर्च व्हावीत.

काही वेळा मात्र शब्द कितीही घासले तरी भागत नाही. अँथ्रॉपिकच्या कोडिंग एजंटने मूळ फोल्डर सोडला की तो फाइलचे सापेक्ष पत्ते चुकीचे द्यायचा. त्यांनी टूलमध्ये पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि चूक थांबली. त्यांचंच वेब-शोधाचं टूल वापरताना मॉडेल प्रश्नाला विनाकारण ‘२०२५’ जोडत होतं. तिथे वर्णन सुधारून काम झालं. साचा कुठे बदलायचा आणि वाक्य कुठे, ही पारख मला या कलेत सर्वांत अवघड वाटते.

विश्वासाचा प्रश्न याहून गंभीर आहे. एप्रिल २०२५मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या एआय सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की निरुपद्रवी दिसणाऱ्या टूलच्या वर्णनात छुप्या सूचना पेरून एजंटकडून वापरकर्त्याच्या खासगी फाइली बाहेर पाठवून घेता येतात. एजंट वर्णन पूर्ण वाचतो, परवानगी देणाऱ्या माणसाला मात्र बऱ्याचदा त्याचा सारांशच दिसतो. परवानगी मागण्याआधी संपूर्ण वर्णन माणसाला वाचायला मिळालंच पाहिजे. यात तडजोड नको.

टूल बनवणारे चांगले चमू आता वर्णन लिहून थांबत नाहीत. ते खऱ्या प्रश्नांचा संच एजंटला देतात, त्याने कोणतं टूल उचललं आणि त्यात काय भरलं हे तपासतात, वाक्य बदलतात आणि संच पुन्हा चालवतात. असा संच टूल बनवणाऱ्यांनीच, इंग्रजीत आणि नीटनेटक्या वाक्यांत रचला तर तो फार काही पकडणार नाही. सातबाऱ्याच्या टूलसाठी त्यात ‘आज्याच्या नावावरचं वावर दाखवा’ हा प्रश्न हवा, सर्व्हे नंबर हाच गट क्रमांक समजून विचारलेला हवा, आणि बुद्रुक-खुर्द गाळून नुसतं ‘वडगाव’ म्हणणाराही हवा.