मुकीं हत्यारें

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या जिनसांचें कोठार नव्हे. तें एक प्रकारचें इतिहासलेखनच होय. तेव्हां ग्रंथाप्रमाणें त्याचेंही परीक्षण झालें पाहिजे. गांवोगांवच्या जुन्या धंद्यांना आपल्या संग्रहालयांत कितपत न्याय मिळाला आहे, हें तीन उदाहरणांवरून पाहूं.

भायखळ्याचें संग्रहालय 1872 सालीं लोकांस खुलें झालें. आज तें डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथें निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या मातीच्या लहान प्रतिमा आहेत. घडण नाजूक, पण पाहणारी दृष्टि परक्या राज्यकर्त्याची, म्हणून माणूस तेथें केवळ नमुना होऊन बसतो. पुण्यास दिनकर केळकर यांनीं 1920 च्या सुमारास आरंभिलेला व आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, स्मृतीस वाहिलेला संग्रह याहून निराळा. अडकित्ता, समई, दऊत अशा घरगुती वस्तूंना त्या रसिकानें मानाचें पान वाढलें. परंतु वस्तु तेथें दिसते ती वापरणाऱ्या घराची. घडविणारा हात पडद्याआडच राहतो. तिसरें, कोल्हापूरजवळ कणेरी मठाचें ग्रामजीवन संग्रहालय. तेथें सिमेंटच्या पुतळ्यांतून लोहार, कुंभार, चांभार आपापल्या कामांत गढलेले दाखविले आहेत. मुलांस हत्यार आणि हात यांचें नातें इतक्या सुलभपणें अन्यत्र क्वचितच कळेल. मात्र तें गांव फारच सुखी आहे! त्रिंबक नारायण आत्रे यांचा 1915 सालचा 'गांव-गाडा' ज्यानें वाचला, त्यास बलुत्यावरून चालणारी कुरकुर तेथें ऐकूं येत नाहीं, ही उणीव बोचेल.

हें सारें आम्हांस सुचलें तें एका लहानशा प्रसंगानें. कल्याणांत आमच्या आळींतील एका वृद्ध सुताराची पेटी भंगारांत निघाली होती. वाकस, पटाशी, किकरें, सामता: यांतील निम्म्या वस्तूंचीं नांवें आम्हां पदवीधरांस ठाऊक नव्हतीं, आणि त्यांच्या नातवासही नव्हतीं. बोवांनीं एकेक हत्यार हातीं घेतलें. वाकसाची मूठ एकाच बाजूनें कां झिजली, तें सांगितलें. त्या घटकाभरांत जें कळलें, तें कोणत्याही कांचेच्या कपाटानें आम्हांस सांगितलें नव्हतें.

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें वाडे पडून उंच इमारती उठत आहेत. अशा पेट्या रोज निघत असतील. कोणी त्या जमविल्या, तर आमची विनंति एवढीच कीं, प्रत्येक हत्याराखालीं त्याचें बोलीतलें नांव लिहावें, तें कसें चालतें तें दाखवावें, आणि तें कोणी चालविलें हेंही नोंदवावें. कान्हेरीच्या लेण्यांतील एका लेखांत कल्याणच्या नद नांवाच्या लोहारानें वाट करून दिल्याचा उल्लेख आहे. त्या काळच्या दगडानें कारागिराचें नांव राखलें. आपल्या चिठ्ठीवर मात्र 'लोखंडी हत्यार, जुनें' एवढेंच असावें काय?