धरणाच्या वरून आणि खालून : ‘द डॅम बस्टर्स’

मायकेल अँडरसन दिग्दर्शित ‘द डॅम बस्टर्स’ (१९५५) हा ब्रिटिश युद्धपट संयमासाठी नावाजला जातो आणि ते उचितच आहे. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ६१७ व्या स्क्वाड्रनच्या १९ लँकेस्टर विमानांनी जर्मनीतील म्योने व एडर ही धरणे फोडली. आठ विमाने परतली नाहीत. चित्रपटाचा पूर्वार्ध मात्र लढाईचा नाही. अंगणातील टबाच्या पाण्यावर गोट्या उसळवून पाहणारा अभियंता बार्न्स वॉलिस हा त्याचा नायक आहे. मायकेल रेडग्रेव्ह यांनी ही चिकाटी कोठेही आवाज न चढवता उभी केली आहे. (बॉम्बची रचना १९५५ मध्येही गोपनीय असल्याने पडद्यावर तो गोल दिसतो, प्रत्यक्षात तो पिंपासारखा होता व त्याला उलटी फिरकी दिलेली असे.)

शेवट याहून सरस आहे. विजयोत्सव नाही, भोजनगृहातील रिकाम्या जागा आणि ओस खोल्या आहेत. ५६ वैमानिक-सैनिक परतले नाहीत, हे कळताच वॉलिस खचतो. गिब्सन त्यांच्या घरी पत्रे लिहायला निघून जातो. त्या ५६ पैकी तिघे युद्धकैदी झाले, ५३ मरण पावले.

येथेच चित्रपटाचा हिशेब थांबतो. साध्यासाठी दिलेली किंमत तो विचारतो, पण धरणाच्या एकाच बाजूला उभे राहून. पुरात सुमारे १,३०० ते १,६०० माणसे बुडाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेठीस धरलेले परदेशी मजूर होते, बहुतांश सोव्हिएत प्रदेशांतून आणलेले; म्योनेच्या खालच्या अंगास असलेल्या नेहाइम येथील छावणीत स्त्रियांची संख्या मोठी होती. म्हणजे नाझींचेच बळी. चित्रपटात पुराची धावती दृश्ये आहेत, परंतु बुडणाऱ्या माणसाला चेहरा नाही. विमाने पाण्यापासून अवघ्या ६० फुटांवर उतरतात. कॅमेरा मात्र त्याहून खाली येत नाही.

महाराष्ट्रातील प्रेक्षकाला ही उणीव अधिक जाणवावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला. धरणफुटी म्हणजे काय, हे पुण्याने खालच्या बाजूने पाहिले. वर्ध्याचा संदर्भ आणखी निराळा आहे. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी भारत सोडावा असा ठराव येथेच केला, आणि धरणे फुटली त्या रात्री सेवाग्रामचे गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. साध्याइतकेच साधनही तपासावे हा सेवाग्रामचा आग्रह. त्या कसोटीवर वॉलिसची खंत खरी ठरते, पण अर्धीच.

नाझीवादाविरुद्धचे युद्ध अटळ होते, हा युक्तिवाद येथे नाकारायचा नाही. प्रश्न कलाकृतीचा आहे. आपल्या मृतांविषयी इतक्या हळुवारपणे बोलणाऱ्या पटकथेला इतर मृतांसाठी एक वाक्यही सुचू नये, हे केवळ १९५५ च्या काळाचे बंधन म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर १९४३ पर्यंत म्योने पुन्हा बांधून झाले होते, याचीही वाच्यता चित्रपट करीत नाही. पुढे १९७७ च्या जिनिव्हा अतिरिक्त मसुद्याने, काही अपवाद ठेवून, धरणांवरील हल्ले निषिद्ध ठरवले.