बियांचा हिशेब

मराठी समीक्षकांनी कादंबऱ्या सोडल्या नाहीत, नाटकं सोडली नाहीत. पण लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीचा हिशेब कुणी तपासल्याचं माझ्या पाहण्यात नाही. अधिकारी माणसं करीत नाहीत ते काम शेवटी बँकेतल्या कारकुनाच्या टेबलावर येतं. मी बी.कॉम. आहे. आमचं शास्त्र एवढंच सांगतं, की एकीकडे नावे पडलं ते दुसरीकडे जमा दिसलंच पाहिजे.

आता बघा. म्हातारी आत मावते, म्हणजे भोपळा कोरलेला. गराचे घारगे झाले असतील. आमच्या कामरगावकडे असती तर बोंडं झाली असती. पण बिया? वाघाची नोंद आहे, कोल्ह्याची आहे, सूपभर बियांचा मात्र पत्ता नाही! असा ताळेबंद आमच्याकडे आला तर साहेब चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावतात.

दुसरा आक्षेप भाषेवर. शून्य मार्क मिळाले की भोपळा, भ्रम फुटला की तो भोपळ्याचा, वैर असलं की विळ्याशी. म्हणजे बदनामी सगळी फळाची आणि बीला उल्लेखाचाही मान नाही. वास्तविक लाल भोपळा, ज्याला आम्ही वऱ्हाडात कोहळं म्हणतो, तो मूळचा अमेरिकेचा. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचल्यानंतरच त्याची आपल्याकडे यायची वाट मोकळी झाली. मेक्सिकोतल्या ग्विला नाकिट्झ गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. रानभोपळ्याचा गर कडूजहर. तेव्हा माणसानं भोपळा जवळ केला तो आधी बियांसाठी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे मूळ नायिका बी. गर मागाहून आला आणि नाटक आपल्या नावावर करून बसला!

बी कच्ची खाण्यातच खरी कला आहे. बिया पाण्यात टाकून हातानं चोळायच्या, म्हणजे धागे सुटतात. दोन-तीन पाणी बदललं की सुपात पसरून उन्हात ठेवायच्या. वर्तमानपत्रावर नको; बी कागदाला चिकटते आणि मग बातमीसकट खावी लागते. चांगली दोन-तीन उन्हं द्यावीत. ओलसर डब्यात भरल्या तर बुरशी धरते. खाताना बी उभी धरून पुढच्या दातांनी कडेला हलकेच दाबायची. कट् झालं की शिवण उसवते आणि आतून हिरवा गर निघतो. घाई केली की टरफल आणि गर यांची संयुक्त खाती उघडतात. कडू लागली तर मात्र सरळ थुंकावी; कडू कोहळं आणि त्याची बी पोटाशी वैर करतात.

चवीबद्दल समीक्षक म्हणून सांगतो. भाजलेली बी शेंगदाण्याची नक्कल करते. कच्ची बी स्वतःच्या आवाजात गाते: आधी काकडी, मागून ओलं खोबरं. आवाज बारीक आहे, ऐकायला सवड लागते. शंभर ग्रॅम गरात तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात हे कळल्यापासून शहरात तीच बी सोलून, पाकिटात घालून, इंग्रजी नावानं मिळते. एरवी कोहळं आणलं की बिया उकिरड्यावर फेकणारी माणसं ती पाकिटं मोजून पैसे देऊन आणतात. ती पेरावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

कामरगावला आई सुपाशी बसलेल्या आम्हा पोरांना दटावायची, "समद्या खाऊन टाकू नका बाप्पा, बियाण्याले ठेवा थोड्या!" आणि मूठभर बिया राखेत घोळवून वेगळ्या काढायची. व्याज खावं, मुद्दल खाऊ नये, हे मला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं. तिनं एका वाक्यात शिकवलं. हल्ली मुद्दल दरसाल दुकानातून येतं. संकरित बियाण्याच्या फळातली बी पेरली तर तसंच फळ येईल याची हमी नाही, त्यामुळे राखेचंही काम उरलं नाही.

म्हणून गोष्टीवरचा माझा मुख्य आक्षेप असा, की टाळ्या सगळ्या भोपळ्याला आणि कोरणारीला एकही नाही. ती लेक. आईला तूप-रोटी खाऊ घातली तिनं, युक्तीही तिचीच. माझी खात्री आहे की बियाही तिनंच धुऊन वाळवल्या आणि मूठभर राखेत ठेवल्या. नाहीतर पुढच्या साली आई आली असती, तर तिला परत पाठवायला भोपळा कुठून आणणार होती?