प्रेरणा आणि ऋण : काटेवाडीच्या पायघड्या, घोंगडी व टेक्स्टाइल डिझाइनचा विद्यार्थी

टेक्स्टाइल डिझाइनच्या विद्यार्थ्याला आपल्या प्रकल्पाच्या आरंभी ‘प्रेरणा’ या शीर्षकाचे एक पान सादर करावे लागते. त्या पानावर छायाचित्रे, वाळलेली पाने, जुन्या कापडाचे तुकडे चिकटवलेले असतात. पुढील पानावर त्यांतून उचललेली एखादी आकृती, मग तिची पुनरावृत्ती, मग रंगसंगतीचे चार-पाच पर्याय आणि सर्वांत शेवटी कापडाचा नमुना. महानगरांतील संस्थांत रूढ झालेली ही रीत आता तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचली आहे. विद्यार्थ्याची सर्जनशीलता या पानावरूनच जोखली जाते आणि म्हणूनच या पानाची चिकित्सा होणे आवश्यक ठरते. प्रेरणा म्हणजे नेमके काय घेणे, आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे काय, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

चिकित्सेसाठी काटेवाडीसारखे गाव निवडण्यास कारण आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव राजकीय संदर्भातच अधिक परिचित आहे. परंतु वस्त्रकलेच्या अभ्यासकाला तेथे दर आषाढीच्या सुमारास जे दिसते ते महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच एकत्र पाहावयास मिळते. देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे जाताना काटेवाडीत विसावते. परीट समाजाची मंडळी तिच्या स्वागतासाठी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण करतात. मेंढ्यांवर रोगराई येऊ नये, अशी या रिंगणामागील श्रद्धा सांगितली जाते. सूत आणि लोकर, म्हणजे दख्खनच्या वस्त्रव्यवहाराची दोन्ही मूलद्रव्ये, एकाच दिवशी एकाच रस्त्यावर येतात.

या प्रसंगातून प्रेरणा घेणारा विद्यार्थी सामान्यतः काय करील, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. पताका, वीणा, तुळशीवृंदावन, टाळ यांच्या बाह्यरेषा काढून त्यांची ओळीने मांडणी होईल. मेंढ्यांचे रिंगण म्हणजे वर्तुळाकार नक्षी होईल. गेरू, बुक्का आणि पांढरा असे रंग ठरतील. आणि हे सर्व यंत्रावर छापून त्याचा कुर्ता किंवा पिशवी तयार होईल. यात गैर काही नाही, पण यात कापडाविषयीचा विचारही काही नाही. हीच आकृती भिंतीवर, कपावर किंवा लग्नपत्रिकेवर तितक्याच सहजतेने बसली असती. जी कल्पना कापडावाचून पुरी होते ती चित्राची कल्पना होय, वस्त्राची नव्हे.

पैठणीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पैठणीतील मोराच्या मानेची रेषा जवळून पाहिल्यास ती वळणदार नसून पायरीपायरीने चढणारी दिसते, कारण ती कोणी काढलेली नसते. ताण्याचे धागे मोजून, प्रत्येक रंगाचा बाणा शेजारच्या रंगात अडकवून विणकराने ती उभी केलेली असते. त्यामुळेच अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. हाच मोर पॉलिस्टरवर छापताना विद्यार्थी त्या पायऱ्या गुळगुळीत करून टाकतो आणि आपण मूळ नक्षीत सुधारणा केली, असे त्याला वाटते. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण हातातली मोजणी निघून गेल्यावर उरलेल्या मोराला कोणते मानांकन आधार देणार?

आता पुन्हा पायघड्यांकडे वळता येईल. ज्याचा परंपरागत व्यवसायच डाग काढण्याचा, तोच माणूस स्वच्छ धुतलेले पांढरे धोतर आषाढातील रस्त्यावर अंथरतो. धोतर चिखलाने भरावे, त्यावर पावले उमटावीत, हाच तेथील कृतीचा अर्थ आहे. नंतर ते पुन्हा धुतले जाते. म्हणजे कापडावर ठसा उमटणे आणि तो नाहीसा होणे या दोन्ही क्रिया या विधीत आहेत, आणि छपाईकलेच्या कोणत्याही अभ्यासक्रमातील पहिला धडा याहून वेगळा नाही : कोणता रंग धाग्याला धरतो, कोणता नुसताच वर बसतो आणि पाण्याबरोबर जातो. हे ज्ञान परिटाला पिढ्यान् पिढ्या आहे. भट्टी, सोडा, खळ, नीळ यांची प्रमाणे तो हाताच्या अंदाजाने जाणतो.

त्याच्याच व्यवसायातील आणखी एक गोष्ट डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा निसटते. घरोघरचे कपडे एकत्र धुताना ते ओळखता यावेत म्हणून परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने खूण करीत असे. बिब्ब्याचा रस चुन्याच्या योगाने काळा होतो आणि मग भट्टीतही जात नाही. तो अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून हाताळण्याचीही रीत होती. ठिपके, रेघा, फुल्या यांच्या जुळणीतून गावातील प्रत्येक घराला एक चिन्ह मिळे. अक्षरओळख नसलेल्या माणसाने उभी केलेली ती एक पूर्ण चिन्हव्यवस्था होती, आणि ती कापडावरच, कापडासाठीच निर्माण झाली होती. बोधचिन्हांचा अभ्यास परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांवरून करणाऱ्या विद्यार्थ्याला आजोबांच्या जुन्या धोतराच्या कोपऱ्यावरची ही खूण दाखविण्याचे कोणाला सुचत नाही, याला काय म्हणावे? येथे पुनरावृत्तीसाठी आकृती उचलण्यापेक्षा प्रयोगाला अधिक वाव आहे. बिब्बा कोणत्या सुतावर किती चढतो, चुन्याचे प्रमाण बदलल्यास काळेपणा कसा बदलतो, किती धुण्यांनंतर तो तपकिरी दिसू लागतो, हे प्रश्न नमुने करून पाहिल्याखेरीज सुटणारे नाहीत.

लोकरीचा विचार यापेक्षा अवघड आहे. रिंगणात धावणारी मेंढी दख्खनी जातीची असेल तर तिची लोकर आखूड, राठ आणि बहुधा काळी असते. या लोकरीपासून घोंगडी होते. लोकर कातरणे, निवडणे, पिंजणे, चरख्यावर सूत काढणे, ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन उन्हात वाळविणे आणि खड्डामागावर विणणे, अशी ही प्रक्रिया आहे. कातण्याचे काम बहुधा स्त्रियांचे, विणण्याचे सणगर किंवा खुटेकर धनगरांचे. चिंचोक्याची खळ केवळ ताठपणासाठी नसते. हा आखूड लोकरीचा धागा खळीवाचून मागाचा ताण सोसूच शकत नाही. नवी घोंगडी अंगाला टोचते आणि वापरता वापरता मऊ होत जाते.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत घोंगडीचे ‘आधुनिकीकरण’ करण्याचा मार्ग ठरलेला असतो : तिला गडद रंग द्यायचे. काळी लोकर रंग स्वीकारत नाही, ही अडचण पहिल्याच प्रयोगात समोर येते आणि मग गिरणीतील पांढरे सूत आणून घोंगडीसारखे दिसणारे काहीतरी विणले जाते. वस्तुतः ही अडचणच या वस्त्राचा गाभा आहे. घोंगडीची रंगसंगती रंगाऱ्याकडे ठरत नाही, ती कळपात ठरते. काळा, करडा, तांबूस, पांढरा यांपैकी कोणता रंग किती मिळेल हे मेंढपाळाने कोणता मेंढा राखला यावर अवलंबून असते. आज मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः मांसावर असल्याने जत भागातील उंच, वजनदार परंतु कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढ्यांना मागणी वाढली आहे. लोकरीच्या भावात कातरणीचा खर्चही अनेकदा निघत नाही. तेव्हा रंगफलक तयार करणाऱ्या विद्यार्थ्याने काळा रंग कोठून येतो हे विचारले, तर त्याला पशुपालनाचे अर्थशास्त्र शिकावे लागेल. प्रेरणेच्या पानात ते मावत नाही.

साधन आणि द्रव्य यांनाच प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. ॲनी अल्बर्स १९२२ मध्ये जर्मनीतील बाउहाउस या संस्थेत दाखल झाल्या तेव्हा त्यांना विणकाम शिकावयाचे नव्हते. स्त्रियांसाठी अन्य दालने जवळजवळ बंद असल्याने त्या मागाकडे आल्या. बेर्नाउ येथील कामगार संघटनेच्या विद्यालयाच्या सभागृहासाठी त्यांनी केलेले भिंतीवरचे कापड हे त्यांच्या १९३० च्या पदविकेचे काम होते. त्याची एक बाजू सेलोफेनच्या योगाने प्रकाश परावर्तित करी, तर दुसरी बाजू आवाज शोषून घेई. या कापडाची प्रेरणा कोणती, असे विचारल्यास सभागृहातील घुमणारा आवाज असेच उत्तर द्यावे लागेल. मुंबईत मोनिका कोरिया यांनी हातमाग विणकर सेवा केंद्रात धडे घेतले आणि पुढे मागाच्या फणीलाच हात घातला. ताण्याचे धागे समांतर ठेवणारी फणी मध्येच काढून घेतली की धागे आपल्या वाटेने सरकू लागतात. ‘ओरिजिनल सिन’ (१९७२) सारख्या कलाकृतींमागे मागाशी चाललेला असा संवाद आहे. त्यांच्या वस्त्रांतील वळणे कागदावर आधी काढता येणारी नाहीत.

याच विणकर सेवा केंद्रांशी संबंधित असलेले प्रभाकर बरवे यांचे उदाहरण मात्र उलट दिशेचे आहे आणि म्हणून ते येथे टाळता येत नाही. सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९५९ मध्ये बाहेर पडलेले बरवे १९६१ पासून काही वर्षे वाराणसीच्या केंद्रात आणि नंतर १९८२ पर्यंत मुंबईच्या केंद्रात होते. समीक्षकांनी त्यांच्या वाराणसीच्या वास्तव्याचा विचार प्रामुख्याने तांत्रिक प्रतिमांच्या अंगाने केला आहे. तो योग्यच आहे. तथापि दोन दशके रोज वस्त्रासाठी आकृत्या रचणाऱ्या चित्रकाराच्या अवकाशावर त्या कामाचा काहीच परिणाम झाला नसेल, हे पटण्यासारखे नाही. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत घड्याळ, पान, सफरचंद, ढग या वस्तू सपाट पृष्ठावर परस्परांपासून सुट्या, कोणीही मुख्य नाही आणि कोणीही गौण नाही अशा नांदतात. कापडावर बुट्ट्यांची मांडणी करणाऱ्याला ही समता शिकावीच लागते. ‘कोरा कॅनव्हास’मध्ये रिकाम्या पृष्ठाविषयी त्यांनी केलेले चिंतन टेक्स्टाइल डिझाइनच्या विद्यार्थ्याने कापडावरील मोकळ्या जागेच्या संदर्भात वाचावे, इतके ते जवळचे आहे. चित्रकाराला वस्त्राने काय शिकविले याचा शोध घेणारी समीक्षा मराठीत अद्याप पुरेशी झालेली नाही.

या संदर्भात अल्बर्स यांच्या आयुष्यातील आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. विणकामावरील आपला १९६५ चा ग्रंथ अर्पण करताना त्यांनी पेरूच्या प्राचीन विणकरांना आपले थोर गुरू म्हटले. प्रेरणास्थान आणि गुरू या दोन शब्दांत जे अंतर आहे तेच या चर्चेच्या मुळाशी आहे. प्रेरणास्थानाचे छायाचित्र काढले की व्यवहार संपतो. गुरूचे नाव घ्यावे लागते, त्याच्या हाताखाली चुकावे लागते, आणि शिकलेल्याचा मोबदलाही कोणत्या ना कोणत्या रूपाने द्यावा लागतो. विद्यार्थ्याच्या पानावर ‘प्रेरणा : धनगर समाज’ असे लिहिलेले असते, ज्या सणगराच्या मागावर तो चार दिवस बसला त्याचे नाव नसते. समाजाचे नाव लिहिल्याने व्यक्तीचे ऋण फिटत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. पायघड्या आणि रिंगण हे भक्तीचे आविष्कार आहेत; त्यांचा अभ्यासक्रमासाठी कच्चा माल म्हणून उपयोग करणे हाच मुळात अधिक्षेप नाही काय? आक्षेप गंभीर आहे, आणि आकृत्या उचलण्याच्या पद्धतीला तो पूर्णपणे लागू पडतो. धोतर धुण्याची रीत किंवा लोकर कातण्याची रीत शिकणाऱ्याला मात्र तो लागू पडत नाही, कारण तेथे विधीतून काही उचलले जात नाही. जे पालखीच्या दिवशी रस्त्यावर अंथरले जाते ते उचलू नये. जे वर्षभर घाटावर आणि मागावर चालते ते शिकावे, अशी सीमारेषा आखता येते.

हा प्रश्न बारामती परिसरात केवळ सैद्धांतिक नाही. केंद्र शासनाच्या २००५ मधील एकात्मिक वस्त्रोद्यान योजनेतून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत उभ्या राहिलेल्या टेक्स्टाइल पार्कमध्ये तयार कपडे शिवण्याचे काम चालते आणि परिसरातील स्त्रियांना त्यातून रोजगार मिळतो. तयार कपड्यांच्या व्यवसायाची सर्वसाधारण रीत अशी की, आराखडा मागणी देणाऱ्याकडून येतो आणि शिलाई येथे होते. कपड्याच्या मानेशी असलेल्या पट्टीवर विकणाऱ्याचे नाव असते, शिवणारीचे नसते. या भागातील डिझाइनचा विद्यार्थी उद्या तो आराखडा करणारा झाला तर त्याला शिवणारीच्या हाताची गती, कापडाची ओढ आणि धाग्याचा ताण यांची जाण असणार की तोही एक चित्रच पाठवून देणार, हे त्याने महाविद्यालयात ‘प्रेरणा’ या शब्दाचा कोणता अर्थ आत्मसात केला यावर बऱ्याच अंशी ठरेल.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. पालखी काटेवाडीत येते तेव्हा महाविद्यालयाचे वर्ष नुकतेच सुरू झालेले असते. पावसाळ्यात कळप गावाकडे असतात. दिवाळीनंतर या भागातील अनेक धनगर कुटुंबे मेंढ्या घेऊन कोकणाच्या दिशेने निघतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरली जाते. प्रकल्पाचा विषय निवडणे, मार्गदर्शकाची मान्यता, प्रेरणेचे पान, आकृत्या अशा पायऱ्या ओलांडून विद्यार्थी प्रत्यक्ष द्रव्यापर्यंत येतो तो हिवाळ्यात. त्या वेळी काटेवाडीच्या रस्त्यावर कळप नसतो. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी निदान लोकरीच्या प्रकल्पापुरता हा क्रम उलटा करावा : आषाढात कातरणी व चरखा, दिवाळीपर्यंत माग, आणि कागदावरील पाने त्यानंतर.