'आपल्याने व्हायचे नाही'

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाची वाङ्मयाविषयी एक ठरीव समजूत असते. वाचन आपण करावे आणि लेखन पुण्यामुंबईच्या लोकांनी करावे, ही ती समजूत होय. तिची कारणे विचारली तर तीन मिळतात. परप्रांतात राहून आपली भाषा गंजली. आपला व्यासंग पदवीपाशीच थांबला. आणि दिवसभर टिपण्या व मसुदे लिहून थकलेल्या हाताला ललितलेखन साधणार कसे? सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, रत्नांना पैलू पाडणाऱ्या आणि कपडे शिवणाऱ्या कारखान्यांच्या शेजारात ज्यांची कचेरी आहे, अशा आम्हां कारकुनांच्या तोंडी ही कारणे नेहमीची आहेत. 'आपल्याने व्हायचे नाही' हे वाक्य आपण विनय म्हणून उच्चारतो. आम्हांस ते निकालासारखे वाटते, आणि तोही खटला उभा राहण्यापूर्वी दिलेल्या निकालासारखा.

ह्या समजुतीवर उपाय सांगणारी पुस्तके आज मराठीत विपुल आहेत. त्यांपैकी पुष्कळशी भाषांतरित आहेत आणि त्यांचा उपदेश एकाच घाटाचा आहे: आधी मनातली शंका काढा, स्वतःवर विश्वास ठेवा, मग कार्य आपोआप सिद्धीस जाईल. हा क्रम ऐकावयास गोड लागतो. परंतु आपल्या भाषेतील ज्या ग्रंथात स्वतःच घालून घेतलेल्या मर्यादा मोडल्याचा सर्वांत प्रामाणिक वृत्तांत आहे, तो ग्रंथ ह्या क्रमाला दुजोरा देत नाही. तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. शाळा त्यांनी पाहिली नाही. लहानपणी लग्न झाले आणि अक्षरओळख पतीकडून, रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडून झाली. टिळक स्वतः नामांकित कवी. अशा घरात राहणाऱ्या बाईने आपण लेखिका नव्हे असे मानले असते, तर त्यात नवल ते काय? टिळक १९१९ साली वारले. पुढे मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. बाईंनी ग्रंथ लिहावयाचा संकल्प सोडला नव्हता. मुलाची गरज भागवावयास त्या बसल्या होत्या. त्या गरजेतून जे निपजले ते १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले, आणि १९३६ सालीच बाई निवर्तल्या. म्हणजे वयाच्या साठीनंतर एक मोठी गद्यलेखिका महाराष्ट्राला मिळाली. आत्मविश्वास आधी आणि काम मागून, हा क्रम येथे कोठे दिसतो? काम समोर आले, हात चालू लागला, आणि विश्वासाचा प्रश्न मागे राहिला.

ग्रंथाच्या अंतरंगातही हेच आहे. ह्या आत्मकथेत सर्वांत मोठी अडसर सोवळ्याची. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे पराकोटीचे होते आणि घरातील माणसे त्याने जेरीस आली होती. ते वातावरण बाईंनी विनोदाने रंगविले आहे. परंतु तो विनोद पुष्कळ वर्षांनी, दूर उभे राहून केलेला आहे. जगत असताना ते सोवळे त्यांच्या हाडीमासी खिळलेले होते. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे पतीजवळ येऊन राहिल्यावरही बाईंनी आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवले. पतीचे व्याख्यान त्यांना बदलू शकले नाही. उलट व्याख्यानाने माणूस आपल्या जागी अधिकच घट्ट बसतो, हे ग्रंथ वाचताना पदोपदी जाणवते. मग एके दिवशी, जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने छडा लावला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे असे ठरविले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही ह्या निश्चयाच्या मागून.

ह्या प्रसंगाचे वर्णन करताना लेखिकेने आवाज चढविलेला नाही, हे आम्हांस त्या ग्रंथाचे मोठे वाङ्मयीन लक्षण वाटते. एखाद्या कादंबरीकाराने येथे वीज चमकविली असती. बाई स्वयंपाकघरातली गोष्ट सांगावी तशी सांगतात. आयुष्यभराची भिंत पडताना आवाज होत नाही. ती आतून केव्हाच पोकळ झालेली असते, रोजच्या संसाराने, प्रवासाने, आजाऱ्याच्या उशाशी बसून. पडल्याचे तेवढे एके दिवशी ध्यानात येते.

भाषेचेही तसेच. शिक्षण नसल्याने लक्ष्मीबाईंच्या लेखणीवर संस्कृतप्रचुर गद्याचे ओझे पडले नाही. बोलताना वाक्य जेथे संपते तेथेच त्यांनी ते संपविले. आपल्याजवळ जे नाही म्हणून त्यांना संकोच वाटावयास हवा होता, त्याच्या अभावीच त्यांचे गद्य मोकळे झाले. 'व्यासंग नाही' हे आपले दुसरे कारण ह्या ग्रंथापुढे टिकत नाही. आणि थकलेल्या हाताविषयी म्हणाल, तर हा ग्रंथ लिहिणाऱ्या बाईंनी पतीच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही पुढे चालविले. तो हात काही विश्रांतीत वाढलेला नव्हता.

कृती पुढे आणि कबुली मागे, ह्या क्रमाचे दुसरे उदाहरण आमच्या ह्या जयपुरातच आहे, आणि ते ह्याहून चमत्कारिक आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे शहर वसविले. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे ज्योतिषी होते. परंपरा त्यांस महाराष्ट्रीय ब्राह्मण म्हणते. ह्या वैदिक पंडिताने राजाच्या इच्छेवरून अरबी भाषा शिकून घेतली. युक्लिडच्या भूमितीचा नासिरुद्दीन तूसीने केलेला अरबी पाठ त्यांनी 'रेखागणित' ह्या नावाने संस्कृतात आणला, आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथावरून 'सम्राटसिद्धान्त' रचला. त्या काळच्या पंडिताला यावनी भाषेची मर्यादा केवढी होती हे सांगावयास नको. ती त्यांनी ओलांडली. परंतु 'रेखागणिता'च्या प्रास्ताविकात ते अरबी पाठाचा उल्लेख करीत नाहीत. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, परंपरेने पृथ्वीवर आले, मध्यंतरी खंडित झाले आणि जयसिंहाच्या आज्ञेने आपण ते पुनः प्रकाशित केले, असे सांगतात.

ह्यावर कोणी जगन्नाथपंडितांस अप्रामाणिक म्हणेल. आम्हांस त्यात माणसाच्या मनाचा एक खरा नमुना दिसतो. हाताने सीमा ओलांडली, जिभेने ओलांडली नाही. लक्ष्मीबाईंच्या ठायी कृतीमागून कबुलीही आली, हसत आली, आणि म्हणून त्यांचा ग्रंथ वाङ्मय झाला. जगन्नाथांचा ग्रंथ शास्त्र म्हणून थोर असला तरी त्यातील माणूस पडद्याआडच राहिला. समजूत न सोडताही माणूस समजुतीबाहेरचे काम करू शकतो, हे त्यावरून सिद्ध होते. आणि ते काम वाया जात नाही.

राहिले भाषा गंजण्याचे कारण. त्याला भास्कर रामचंद्र तांबे हे एकच उत्तर पुरे आहे. १८७३ साली मुंगावलीस जन्मलेल्या आणि १९४१ साली ग्वाल्हेरीस निवर्तलेल्या ह्या कवीचे आयुष्य मध्य भारतातील संस्थानी नोकऱ्यांत गेले. त्यांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. त्यांच्या कवितेतील गेयता हिंदुस्थानी संगीताच्या शेजारात वाढली. शेजारच्या भाषेने मराठीला गंज चढतो की धार लागते, हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे, असे तांब्यांची कविता वाचून म्हणावेसे वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही रास्त मानतो. लक्ष्मीबाईंना कवीचे घर लाभले होते. जगन्नाथांस राजाश्रय होता. तांब्यांच्या ठिकाणी प्रतिभा होती. आपणांस ह्यांतले काय आहे? शिवाय आपल्या सर्वच मर्यादा काही मनाच्या नव्हेत. येथे मराठी पुस्तक हातात घेऊन चाळावयास मिळणे दुर्मिळ. मुले हिंदी वा इंग्रजी शाळेत जातात. बिऱ्हाड मांडून होते न होते तोच बदलीचा हुकूम येतो. ह्या गोष्टी खऱ्या आहेत, आणि 'सर्व काही तुमच्या मनावर आहे' असे सांगणारी पुस्तके येथेच खोटी पडतात. जी अडचण बाहेरची आहे ती मनाची म्हणून सांगणे हा दुबळ्यावर अन्याय होय. प्रत्येकाने लिहिले तर प्रत्येकाची 'स्मृतिचित्रे' होतील, असे म्हणण्याचे साहस आम्ही करीत नाही.

परंतु अडचण आणि निकाल ह्यांत भेद आहे. पुस्तके मिळत नाहीत, ही अडचण. म्हणून आपल्याने व्हायचे नाही, हा निकाल. पहिलीचा पुरावा देता येतो, दुसऱ्याचा देता येत नाही. आणि बदलीचे म्हणाल, तर 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथच मुळी बिऱ्हाडांचा आहे. टिळकांच्या पायाला भिंगरी होती: नागपूर, राजनांदगाव, नगर, राहुरी. ज्या उठाठेवीला आपण लेखनातला अडथळा म्हणतो, तीच त्या ग्रंथाचे भांडवल झाली.

असे भांडवल आमच्याजवळही पडून आहे. सांगानेरच्या कापडावर लाकडी ठशांनी उमटणारी बुट्टी, सीतापुऱ्यात पाचूला पैलू पाडणारा कारागीर, संक्रांतीला पतंगांनी भरून जाणारे आकाश आणि त्याच दिवशी चार मराठी घरांतून वाटला जाणारा तिळगूळ, हिंदीत टिपणी लिहिता लिहिता मध्येच अडणारा मराठी शब्द: हे पुण्यातल्या लेखकाने लिहावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, कारण ते त्याने पाहिलेले नाही. लिहावयाचे तर ते आपणांसच लिहावे लागेल, आणि मन तयार होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंच्या मुलाने आठवणी मागितल्या होत्या. आपणांकडे कोणी मागत नसेल, तर आपल्याच घरात, पुढच्या बदलीपूर्वी, मुलांनी विचारलेल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर दोन पाने लिहून द्यावे. दोन पाने ही मर्यादा कोणालाही परवडण्याजोगी आहे.