सी तंतूंमधल्या कॅल्शियम वाहिन्या: सिद्ध किती, गृहीत किती?

वेदनेचा संदेश वाहणारे सी तंतू मायलिनविना असतात, जाडी साधारण 1 मायक्रोमीटर. त्यांची कॅल्शियमची माहिती बहुतेक उंदराच्या डीआरजी पेशींवरच्या पॅच क्लॅम्पमधून येते. इथेच पहिली गोची आहे. पेशीचं शरीर मणक्याजवळ, आणि माणसाच्या पायातला तंतू तिथून जवळजवळ मीटरभर लांब. पेशीत वाहिनी सापडली म्हणून ती तंतूतही असेलच, असं कशावरून?

म्हणून क्वास्टहोफ आणि सहकाऱ्यांचा 1995 चा 'न्यूरोसायन्स'मधला पेपर जरूर वाचा. त्यांनी बायॉप्सीत काढलेली माणसाची सुरल नर्व्ह वापरली आणि सी तंतूंमध्येच कॅल्शियम पोटेन्शियल दाखवले. प्रश्न थेट, नमुना माणसाचा. ही त्याची ताकद.

पण वाचताना दोन ठिकाणी थांबा. एक, ही बायॉप्सी निरोगी माणसाची कोणी करत नाही, कारण नंतर पावलाच्या कडेला बधिरपणा राहतो. म्हणजे मज्जातंतू मुळात रुग्णाचा. 'नॉर्मल' शब्द जपून वापरावा लागतो. दोन, अशा प्रयोगांत कॅल्शियमचा क्षीण प्रवाह दिसावा म्हणून सहसा पोटॅशियम वाहिन्या औषधाने बंद करतात. त्यातून वाहिनी आहे हे कळतं. रोजच्या संदेशात ती किती काम करते, हे नाही.

त्याच गटाच्या 1999 च्या 'पेन'मधल्या पेपरने पुढचं पाऊल टाकलं: तंतू उत्तेजित केल्यावर आतलं कॅल्शियम वाढताना कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली दिसलं. असा पेपर हातात आला की आधी शोधायचं: हे कॅल्शियम बाहेरून आलं की आतल्या साठ्यातून?

खरी घसरण होते औषधाच्या वाक्यावर. 'झिकोनोटाइड वेदना कमी करतं, म्हणून तंतूमधल्या एन-टाइप वाहिन्या महत्त्वाच्या.' माझ्या सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य होतं, आणि गाइडनी त्यावर लाल रेघ मारली. बरोबरच होतं त्यांचं! 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध मणक्यातल्या द्रवात सोडतात; ते मज्जारज्जूतल्या तंतूंच्या टोकांवर काम करतं. पायातल्या तंतूच्या मधल्या भागाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

तेव्हा रिव्ह्यू लिहिताना प्रत्येक संदर्भापुढे तीन गोष्टी टिपा: कोणाचा नमुना, पेशीचा कुठला भाग, आणि वाहिनी फक्त सापडली की काम करताना दिसली. माझ्या यादीतले अर्धे संदर्भ यातच गळाले.